कॉलेजच्या टेक कॉन्फरन्सची वेबसाइट रिअ‍ॅक्टमध्ये करावी की वर्डप्रेसमध्ये?

(नवख्यांसाठी: रिअ‍ॅक्ट म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये कोड लिहून साइट बांधायची लायब्ररी, वर्डप्रेस म्हणजे तयार साच्यांतून साइट उभी करायचं सॉफ्टवेअर.) तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की टीम चार जणांची आहे, हातात दीड महिना आहे आणि होमपेजवर थ्रीडी अ‍ॅनिमेशन आणि काउंटडाउन टाइमर हवाच असं सगळ्यांचं म्हणणं आहे. एरवी मी हा प्रश्न सोडून पुढे गेलो असतो. पण काउंटडाउन टाइमर वाचलं आणि चहा गार झाला तरी हे टाइप करत बसलोय.

२०१८ ची गोष्ट. मी नाशिकला इंजिनिअरिंगला होतो, टीई कॉम्प म्हणजे कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला, मूळचा येवल्याचा, रूम करून राहायचो. आमच्या कॉलेजने पहिल्यांदाच विद्यार्थ्यांची टेक्नॉलॉजी कॉन्फरन्स घ्यायची ठरवली, ९ आणि १० फेब्रुवारी, शुक्रवार-शनिवार. पेपर प्रेझेंटेशन, प्रोजेक्ट कॉम्पिटिशन आणि दोन वर्कशॉप. सिंहस्थाच्या निमित्ताने रमेश रासकरांचं कुंभथॉन, म्हणजे कुंभमेळ्याच्या प्रश्नांवर तंत्रज्ञानाने उत्तरं शोधायचं शिबिर, होऊन गेलेलं होतं, आणि अमेरिकेतल्या एमआयटीतला हा प्रोफेसर मूळचा नाशिकचा आहे हे आमचे एचओडी सर प्रत्येक भाषणात एकदा तरी सांगायचेच. वेबसाइट माझ्याकडे आली कारण मला पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या वेबसाइटची भाषा, येते असा वर्गात समज होता. समजच तो.

डिझाइन होतं माझ्या रूमपार्टनरकडे. त्याने काय केलं, गोदाघाटाचा ड्रोन व्हिडिओ कुठून तरी आणला, २२ एमबीचा, तो होमपेजच्या मागे फिरणार, त्यावर कॉन्फरन्सचा लोगो गोल गोल फिरत येणार, तो थांबला की मग मेनू दिसणार. टेक कॉन्फरन्सचा आणि गोदाघाटाचा काय संबंध विचारलं तर म्हणे आयडेंटिटी. लॅबमधल्या नेटवर ती साइट नुसती उडायची, एचओडी सरांनी प्रोजेक्टरवर दोनदा बघितली, खूश.

माझं म्हणणं एवढंच होतं की सगळ्यात वर चार गोष्टी पाहिजेत, तारीख, ठिकाण, फी आणि फोन कुणाला करायचा. त्यावर तो म्हणाला, "ही वेबसाइट आहे का नोटीस बोर्ड?" मी म्हटलं नोटीस बोर्डच आहे. झालं, तिथून जे भांडण सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. कमिटीत हात वर करून मतदान घेतलं, अकरा विरुद्ध दोन. दुसरं मत अकाउंट्स बघणाऱ्या मुलीचं, तिला फीचा तक्ता वर हवा होता म्हणून.

आता टाइमर. तो मीच लिहिला, त्यामुळे शिव्या मलाच. पोस्टरवर छापलेलं की रजिस्ट्रेशन ३१ जानेवारीपर्यंत. मी कोडमध्ये नुसती तारीख टाकली, वर्ष-महिना-दिवस, वेळ काही नाही, आणि टाइमर शून्यावर आला की फॉर्म बंद अशी हुशारी वर केली. ३१ ला सकाळी पावणेसातला फोन, मालेगावची एक मुलगी, "दादा, रात्री दीडपर्यंत पेपर लिहीत होते आणि आता फॉर्म भरायला गेले तर क्लोज्ड दाखवतंय." मी झोपेतच म्हटलं रिफ्रेश करा. मग स्वतः उघडून बघितलं तर चारही डब्यांत शून्य.

मी आधी होस्टिंगवाल्याला नावं ठेवली, मग ब्राउझरला. साडेनऊला प्रॅक्टिकल चालू असताना डोक्यात प्रकाश पडला. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली की ते ती यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, मध्यरात्र धरतं, म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाच. आणि मध्यरात्र कुठली, तर ३१ सुरू होतानाची, संपतानाची नाही. म्हणजे चुका दोन होत्या, आणि यूटीसीच्या चुकीने उलट मला साडेपाच तास जास्तच दिले होते. तरी फॉर्म साडेअठरा तास आधी बंद झाला. एका ओळीची दुरुस्ती होती. त्या मुलीला परत फोन करून सांगितलं, तिने काही न बोलता फॉर्म भरला, तिचं न बोलणं मला जास्त लागलं.

खरी मजा ९ तारखेला. सकाळी सातपासून माझा फोन वाजायला लागला, तो थांबेचना. सगळ्यांचा प्रश्न एकच, कुठे उतरायचं आणि तिथून कसं यायचं. साइटवर नुसतं "सीबीएसपासून जवळ" असं लिहिलेलं, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्टँड. नाशिककरांना वेगळं सांगायला नको की सीबीएस म्हटलं की जुनं सीबीएस का ठक्कर बाजार हा पहिला प्रश्न, आणि बाहेरून आलेल्या पोराला हे दोन स्टँड आहेत हेच माहीत नसतं. रेल्वेने आलेले तर नाशिकरोडला उतरून विचारत होते की कॉलेज चालत किती लांब. शहर तिथून नऊ-दहा किलोमीटर, आणि आमचं कॉलेज त्याच्याही पलीकडे.

आणि माझा नंबर साइटवर होता कुठे माहितीय का? पोस्टरच्या जेपीजीमध्ये. फोटोत! दाबला तर कॉल लागत नाही, कॉपी होत नाही. मालेगावचा एक मुलगा साडेदहाला रजिस्ट्रेशन टेबलवर आला, त्याच्या डाव्या तळहातावर निळ्या बॉलपेनाने माझा नंबर लिहिलेला, घामाने शेवटचे दोन आकडे पुसलेले. म्हणाला, "सर, तीन वेगवेगळ्या लोकांना फोन लागला, मग चौथ्यांदा तुम्ही." मी सर नव्हतो, मी त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठा होतो.

तेवढ्यात साइट बसली. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, त्यात होमपेज पीएचपीतून येणारं, सगळे एकदम उघडतायत आणि उघडत नाही म्हणून परत परत रिफ्रेश करतायत, आला ५०८ नंबरचा एरर, रिसोर्स लिमिट इज रीच्ड, म्हणजे सर्व्हरवरचा आमचा वाटा संपला. मी ऑडिटोरियमच्या मागच्या जिन्यावर बसून दहा मिनिटांत एक पांढरं पान लिहिलं. एकही फोटो नाही, सीएसएस म्हणजे सजावटीचा कोडही नाही. जुन्या सीबीएसला उतरलात तर असं या, ठक्कर बाजारला उतरलात तर असं, नाशिकरोडला उतरलात तर आधी सीबीएसला या. खाली दोन नंबर, दोन्ही टेल लिंक केलेले, बोट लावलं की कॉल. ते गिटहब पेजेसवर, म्हणजे साधी पानं फुकट ठेवता येतात तिथे, टाकलं आणि लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली. अर्ध्या तासात फोन थंड. दुसऱ्या दिवशी तर वाजलाच नाही म्हटलं तरी चालेल.

मग रिव्ह्यू मीटिंग. मिनिट्समध्ये काय लिहिलं, "वेबसाइट पहिल्या दिवशी काही काळ बंद होती", पुढे जबाबदार म्हणून माझं नाव. आणि उत्कृष्ट डिझाइनसाठी मेमेंटो रूमपार्टनरला. तो मेमेंटो पुढचं वर्षभर आमच्याच रूममध्ये गॅसच्या वरच्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी, रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर.

हां, तुमचा प्रश्न. रिअ‍ॅक्ट की वर्डप्रेस. माझं मत, दोन्ही नको. पाच पानांची साइट आहे, महिनाभर जगणार आहे, साधं एचटीएमएल लिहा आणि गिटहब पेजेसवर टाका, फुकट आहे, एचटीटीपीएस मिळतं, स्वतःचं डोमेन जोडता येतं, आणि साइट १ जीबीच्या आत ठेवा म्हणतात ते तुम्हाला जन्मात पुरेल. वर्डप्रेसला प्लगिन अपडेट करत बसायला तुमच्यात कोण मोकळं आहे? ओरल्स कुणाच्या तरी असणारच. रिअ‍ॅक्ट रिझ्युमेत लिहायला हवं असेल तर तसं स्पष्ट म्हणा, मग करा, मला काही प्रॉब्लेम नाही, पण कॉन्फरन्ससाठी गरज आहे असं नका सांगू.

रजिस्ट्रेशन स्वतः लिहू नका, गूगल फॉर्म वापरा. मी लिहिलेलं. सर्टिफिकेटवर मराठीत नाव छापायचं म्हणून फॉर्ममध्ये देवनागरी नावाचा रकाना ठेवला आणि तीन दिवस आधी एक्स्पोर्ट केलं तर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. त्या होस्टिंगवर मायएसक्यूएल या डेटाबेसचं टेबल जुन्या डीफॉल्टने लॅटिन१ मध्ये बनलेलं, ज्यात देवनागरी अक्षरं बसतच नाहीत, कोलेशन म्हणजे अक्षरांच्या क्रमवारीचा नियम तर चक्क स्वीडिश, कारण मायएसक्यूएलची कंपनी मूळची स्वीडनची. आणि प्रश्नचिन्ह एकदा साठवलं गेलं की त्यातून नाव परत निघत नाही. एकशे ऐंशी लोकांना फोन करून नावं विचारली, "ज्ञानेश्वरी पहिली वेलांटी का दुसरी" वगैरे. डेटाबेस वापरायचाच असेल तर पहिल्या दिवशी यूटीएफ८एमबी४ करा, त्यात सगळ्या लिप्या बसतात. पण नका वापरू.

फीसाठी क्यूआर लावाल, तेव्हा स्क्रीनशॉट मागू नका, यूपीआयचा बारा आकडी रेफरन्स नंबर मागा आणि बँक स्टेटमेंटशी जुळवा. गूगल फॉर्मच्या शीटमधून सीएसव्ही फाइल काढून एक्सेलमध्ये उघडली की तो नंबर ई प्लस ११ असा दिसेल. घाबरू नका, आकडा आत असतो, फॉरमॅट बदला. तसाच सीएसव्ही म्हणून परत सेव्ह केलात तर मात्र गेला. डोमेन कुणाच्या पर्सनल जीमेलवर घेऊ नका, कमिटीचा वेगळा आयडी काढा. आमचं एका सीनियरच्या नावावर होतं, तो नोकरीला लागला आणि पुढच्या वर्षी रिन्यू करायला ओटीपी कुणाच्या फोनवर येतोय हे शोधण्यात आठवडा गेला.

आणि साइट लॅबमध्ये तपासू नका. फोनचा वायफाय बंद करा, ठक्कर बाजारला गर्दीच्या वेळी उभे राहा आणि तिथे उघडा. ठिकाण सापडेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा.

आता थोडं दुसऱ्या बाजूचंही. तुमच्याकडे सगळे नाशिकमधलेच येणार असतील, कॉलेज रोड-गंगापूर रोडची पोरं, तर कसं यायचं याचं मी एवढं रामायण लावलं त्याचा तुम्हाला फार उपयोग नाही. थ्रीडीचंही तसंच, एका वेगळ्या पानावर ठेवा, लॅपटॉपवाले बघतील. आणि खरं सांगायचं तर स्पॉन्सरला आमचा तो ड्रोन व्हिडिओच दाखवला होता आणि पैसे त्याच्यावरच मिळाले, पांढऱ्या पानावर कुणी पाच रुपये दिले नसते. साइट पडण्यात व्हिडिओचा वाटा किती आणि माझ्या पीएचपीचा किती हे मी कधी नीट मोजलं नाही. ५०८ बघता माझा जास्त असणार.

रूमपार्टनर आता पुण्यात यूएक्समध्ये, म्हणजे साइट-अ‍ॅप वापरायला सोपी करण्याच्या कामात आहे, चांगला पगार घेतो. मागच्या दिवाळीत मिसळ खायला भेटलो तर पापड मोडता मोडता म्हणाला, "तुझं ते पांढरं पान कसलं भिकार होतं रे." मी त्याला त्याच्याच कंपनीची साइट फोनवर उघडून दाखवली. पांढरी. वर चार ओळी, खाली फोन नंबर. म्हणाला तो वेगळा विषय आहे.

टाइमर तुम्ही लावणारच, मला माहितीये, मतदानात हरालच. लावा. फक्त फॉर्म त्याच्यावर बंद करू नका, आणि तारखेपुढे वेळ पूर्ण लिहा, तेवीस एकोणसाठ एकोणसाठ, आणि त्यालाच चिकटून प्लस पाच तीस.