‘पूर आला असेल’ आणि ‘पूर आला असता’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

सांगलीकरांना जवळचं उदाहरण पुराचं, तेच घेऊ.

‘असेल’मध्ये अंदाज असतो. आयर्विन पुलाखाली पाणी चढलंय, कारण नक्की ठाऊक नाही: ‘दे मे हॅव ओपन्ड द कोयना गेट्स.’ ‘माइट हॅव’ही चालतं, खात्री जरा कमी. तर्क पक्का असेल तर ‘मस्ट हॅव’. मात्र ‘उघडले नसणारच’ याला ‘कान्ट हॅव’ म्हणा.

‘असता’ म्हणजे जे घडलंच नाही, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. ‘पाऊस थांबला नसता तर पूर आला असता’ यात मराठी दोन्हीकडे ‘असता’ लावते, म्हणून आपण ‘वुड हॅव’ही दोनदा लावतो. इंग्रजीत ‘इफ’च्या बाजूला ‘हॅड’ येतं, ‘वुड हॅव’ फक्त परिणामाला: ‘इफ द रेन हॅडन्ट स्टॉप्ड, द रिव्हर वुड हॅव फ्लडेड.’ परिणाम नुसता शक्य होता, तर ‘माइट हॅव’. इथे ‘मे हॅव’ टाळाच. पूर खरंच आला असावा, असा समज होऊ शकतो.

पुढच्या पावसाबद्दल बोलताना ‘इफ इट रेन्स’, ‘इफ इट विल रेन’ नाही.