गाडी आधी चाकावर उभी करा

यावेळच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, घरी बांधायला घेतलेली आणि वर्षानुवर्षं अर्धवट राहिलेली, रेसच्या ट्रॅकवर पळवायची गाडी. म्हणून या अंकात बाकीचे प्रश्न मागे ठेवले. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तर पण मोठंच दिलंय.

प्रश्न : नमस्कार दादा, मी लातूरचा, पतसंस्थेत नोकरीला आहे आणि गावाकडं थोडी शेती. २०१४ ला मी २००३ ची मारुती एस्टीम घेतली, ८५ एचपीवाली, मद्रासच्या (चेन्नईजवळच्या) रेसच्या ट्रॅकवर एकदा तरी पळवायची म्हणून. पहिल्या सहा महिन्यात सीटा, कारपेट, डॅशबोर्ड सगळं काढून गाडी रिकामी केली, इंजिन उतरवलं. मग बहिणीचं लग्न आलं. मग २०१६, तुम्हाला माहितीच आहे, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं आमच्याकडं, त्या वर्षी गाडीचं कुणाला सुचतंय. नंतर मुलगी झाली, मग कोरोना, मग वडिलांना अर्धांगवायू. मधल्या काळात इंजिन एकदा बसवलं आणि परत उतरवलं कारण एका मित्रानं स्विफ्टचं इंजिन टाकायचं डोक्यात घातलं. रेसिंग सीट आणि बेल्ट २०१६ लाच घेऊन ठेवलेत, अजून खोक्यात आहेत. गाडी शेडमधे विटांवर उभी आहे. भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो. विकू वाटत नाही दादा, पण शेडमधे गेलं की कुठून सुरू करावं तेच कळत नाही आणि अर्धा तास नुसता बघत बसून परत येतो. काय करू?

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी, हे वाचून झाल्यावर आजच, गाडी विटांवरून उतरवा. वीट वरून शाबूत दिसते आणि एका क्षणात भुगा होते, आणि तुमच्या घरात लहान मुलगी आहे. दोन जोड चांगल्या घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणा किंवा चाकं लावून जमिनीवर ठेवा. ते झालं की पुढचं वाचा.

तुम्ही सांगितलेल्या एकाही कामाला मी अडचण म्हणणार नाही. बहिणीचं लग्न, पाणी, लेक, वडील, हेच आयुष्य आहे, गाडी त्यात बसवायची असते. माझ्या झेनला अकरा वर्षं लागली. त्यातली निदान सहा वर्षं केवळ मी कामाचा क्रम चुकवला म्हणून गेली, घरच्यांमुळे एक दिवस पण नाही. मी आधी इंजिन बांधलं. पॉलिश केलेलं हेड, नवीन रिंगा, सगळं झकास करून प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवलं आणि गाडीला तेव्हा ब्रेक पण नव्हते. चार वर्षांनी उघडलं तर दोन सिलिंडरच्या भिंतीवर गंज, परत होनिंग (भिंती घासून गुळगुळीत करणं), परत रिंगा. त्या दिवशी मी शेडमधे बसून खरंच रडलो होतो.

तेव्हापासून मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, गाडी आधी चाकावर उभी करा. चाकं, स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक. पॉवर सगळ्यात शेवटी. ढकलता येणारी गाडी जिवंत राहते, कारण वडिलांसाठी खाट टाकायला जागा लागली तर ती बाजूला घेता येते, वेल्डरकडे न्यायची तर टोचन करून नाहीतर फ्लॅटबेडवर नेता येते, पाऊस आत यायला लागला तर कोपरा बदलता येतो. विटांवरची गाडी हळूहळू फडताळ होते, तिच्यावर आधी रिकामी पोती येतात, मग फवारणीचा पंप, मग घरातलं जुनं कपाट.

ब्रेकपासून सुरू करा. पुढं डिस्क आहे, कॅलिपरचे पिस्टन इतक्या वर्षात जाम झालेले असणार, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर तर धरूनच चाला. रबरी होज चारी नवीन टाका, जुन्याकडं बघू पण नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं म्हणून सीलबंद डबा आणा, डॉट ४, आणि उघडलेला उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. ब्रेकच्या पाईपमधली हवा काढायला दुसरा माणूस लागतो. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. एकजण पेडल दाबून धरणार, दुसरा निप्पल (चाकाजवळचा हवा सोडायचा स्क्रू) पाव आटा सोडणार, पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत जाणार, निप्पल बंद, मगच पेडल सोडायचं. माझ्याकडं पेडलवर आमची मंडळी बसली होती आणि मी गाडीखालून "दाब", "धरून ठेव", "सोड" ओरडत होतो, चाळीस मिनिटांनी ती म्हणली अहो आता दगडासारखं लागतंय. आठ वर्षात त्या गाडीचं पहिलं काहीतरी पूर्ण झालं होतं. पेडल असं कडक झालं की एक मिनिट जोर लावून धरा, हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठं गळती नसेल तर मास्टर सिलिंडरची किट गेलीय.

आता स्विफ्टच्या इंजिनाबद्दल. नको. तुमचा मित्र चुकीचा माणूस नाही, पण त्या एका निर्णयाच्या पोटात माउंटिंग, ड्राईव्ह शाफ्ट, वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), एक्झॉस्ट अशी पाच कामं आहेत आणि त्या प्रत्येकाच्या पोटात अजून चार. तुमचं १२९८ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन हेच कितीतरी वर्षं आपल्याकडच्या रॅलीत आणि रेसमधे पळालंय. गाडीचं वजन मुळातच नऊशे किलोच्या आत, त्यात तुम्ही आतलं सगळं काढलेलं. मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला तिथं ८५ घोडे भरपूर होतात, ब्रेक कुठं मारायचा आणि वळण कसं घ्यायचं हे शिकण्यातच दिवस संपतो. आहे तेच इंजिन बसवा.

बसवताना घाई करू नका. आधी चारी प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र राहू द्या, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवा. अडकलं तर जोर लावू नका, थांबा, परत ऑइल. मोकळं फिरलं की टायमिंग बेल्ट नवीन टाका, जुना दिसायला चांगला असला तरी, कारण रबर न चालवता पण म्हातारं होतं. प्लग बाहेर ठेवूनच स्टार्टर मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. पेट्रोलची टाकी उतरवून धुवा. आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी पाईपला चालत नाही, पाईप फुगतात, चिरतात आणि गरम इंजिनावर पेट्रोल टपकतं. इथेनॉलला चालणारा पाईप मागून घ्या आणि क्लिपा पण नवीन.

सीट आणि बेल्टचं सांगताना मला वाईट वाटतंय, पण सांगावं लागेल. बेल्टच्या पट्टीवर शिवलेलं लेबल बघा, एफआयएचा (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या मान्यतेचा) बेल्ट असेल तर त्यावर 'नॉट व्हॅलिड आफ्टर' म्हणून वर्ष छापलेलं असतं. साधारण पाच वर्षांचं आयुष्य धरतात, सीटचं पण तसंच. म्हणजे तुमचे २०१६ चे बेल्ट खोक्यातच संपले. रेसमधे तपासणीला ते पास होणार नाहीत आणि पास झाले असते तरी मी तुम्हाला लावू दिले नसते. सीट आत्ता फिटिंगचं माप घ्यायला वापरा, तुमचे गुडघे, स्टिअरिंग, पेडलचं अंतर तिच्यावर बसून ठरवा. जे जुनं होतं ते सगळ्यात शेवटी घ्यायचं असतं, बेल्ट, हेल्मेट, टायर, ब्रेक ऑइल. लांबलेल्या कामात माणूस नेमकं उलटं करतो कारण आधी खरेदी केली की काम पुढं सरकल्यासारखं वाटतं, मी पण केलंय.

राहिला वेळेचा प्रश्न. तुम्ही म्हणता अर्धा तास नुसता बघत बसतो, ते आळसामुळे होत नाही, मागच्या वेळी कुठं थांबलो होतो ते आठवण्यातच तो अर्धा तास जातो. त्यावर माझा उपाय साधा आहे, हात धुवायच्या आधी एक चिठ्ठी लिहून स्टिअरिंगला चिकटवायची. माझी एक चिठ्ठी अजून जपलेली आहे, "पुढचं उजवं. लोअर आर्मचा बोल्ट नुसता हातानं लावलाय, टाईट नाही. १७ चा पाना टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात. पुढच्या वेळी आधी हे." ती चिठ्ठी लिहिली आणि पाच महिने शेडमधे जाणं झालं नाही. पाच महिन्यांनी गेलो आणि दोन मिनिटात कामाला लागलो, आणि तो बोल्ट ढिला राहिला नाही. जो बोल्ट पूर्ण टाईट झाला त्याच्यावर पिवळ्या पेंट मार्करची रेघ मारायची, रेघ नाही म्हणजे टाईट नाही. सुटे नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यात आणि डब्याच्या झाकणावर नव्हे तर अंगावर नाव लिहा, झाकणं बदलतात.

आठवड्यातला एक वार ठरवा, दीड तास, घरच्यांना विचारून. सोयाबीनच्या काढणीत आणि येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आठवड्यात सुट्टी, ते आधीच कॅलेंडरवर लिहून टाका म्हणजे मनाला लागत नाही. वडिलांची तब्येत परत खालावली तर गाडी नीट झोपवा आणि जा, बॅटरी काढून घरात, सिलिंडरमधे ऑइल, सायलेन्सरच्या तोंडाला आणि एअर फिल्टरच्या पाईपला जाळीचा बोळा. सोयाबीनची पोती त्याच शेडमधे असतील तर ती मात्र हलवा, उंदीर आधी पोतं फोडतो आणि मग वायरिंग.

आणि मद्रास तूर्त बाजूला ठेवा. पहिलं ध्येय शेडपासून गेटपर्यंत आणि परत, स्वतःच्या इंजिनावर आणि स्वतःच्या ब्रेकवर. ते जमलं की रोल केज (गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाईपचा सांगाडा), सीट, बेल्ट. रस्त्यावर मात्र ती गाडी काढू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही, ती फ्लॅटबेडवरच न्यायची. लातूरहून चेन्नई आठशे किलोमीटरच्या वर आहे, त्याचं भाडं वेगळं बाजूला काढत राहा, गाडी तयार होते आणि न्यायला पैसे नसतात असं पाहिलंय मी. रेसमधे उतरायचं तर एफएमएससीआयचं (देशातल्या मोटर रेसिंगच्या संघटनेचं) लायसन्स लागेल, ते त्यावेळी बघू.

प्रश्न : सर, मी वाळूजला आयटीआय करतोय. मित्राच्या मारुती ८०० मधे रोल केज बसवायचाय. आमच्या शेतात बोअरमधून काढलेले जीआय पाईप पडून आहेत, चांगले जाड आहेत. त्याचा केला तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार बाळा, आणि यात अर्धवट मार्ग पण नाही. जीआय पाईप पाणी वाहायला केलेला असतो, त्याला लांबीभर वेल्डची शिवण असते आणि गाडी उलटली की नेमका तिथं फाटू शकतो. वरून जस्ताचा थर, वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो, रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि वेल्ड पण पोकळ बसतो. केजला सीडीएस पाईप लागतो, बिनशिवणीचा, थंड ओढलेला. एफआयएच्या नियमात मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २.५ जाडीची किंवा ५० ची आणि २ जाडीची सांगितलीय, बाकीचे पाईप ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. पाय जिथं पत्र्यावर बसतात तिथं खाली किमान ३ मिलिमीटरची प्लेट, १२० चौरस सेंटिमीटरची, नाहीतर केज पत्रा फाडून खाली जाईल. आपल्या जालन्यात लोखंड भरपूर बनतं पण त्या बांधकामाच्या सळया, त्याचा इथं उपयोग नाही. तुम्ही वाळूजमधेच आहात, मँड्रेल बेंडिंग (आत दांडा ठेवून पाईप वाकवणं) करणारे व्हेंडर तिथं सापडतील, पाईप कमानीत चेपला नाही पाहिजे एवढं बघून घ्या. पैसे जमेपर्यंत गाडी केजशिवाय राहू द्या आणि मोकळ्या मैदानावर प्लास्टिकचे ट्रॅफिक कोन लावून कमी स्पीडला हात बसवा.

प्रश्न : दादा, मी परभणीहून लिहितेय. आमच्या ह्यांची झेन नऊ वर्षं पोर्चमधे उघडी पडलीय. मी कधी विरोध केला नाही, पण माझी स्कूटी उन्हात आणि हे रविवारी गाडीजवळ जातात आणि उदास होऊन परत येतात. विका म्हणावं का? म्हणलं तर दुखावतील.

उत्तर : ताई, लगेच विका म्हणू नका. आधी एक रविवार तुम्ही त्यांच्यासोबत पोर्चमधे बसा आणि त्यांना विचारा, ही गाडी नुसती ढकलता येण्यासाठी काय काय राहिलंय. वहीत तुम्ही लिहा, त्यांना लिहायला लावू नका. यादी एका पानात बसली तर गाडी वाचते, वरच्या पत्रातला क्रम त्यांना दाखवा, आणि पेडल दाबायला तुम्ही बसा. यादी सांगता सांगता ते गप्प झाले किंवा विषय बदलला, तर त्यांना कदाचित स्वतःलाच विकायची आहे आणि तुमच्याकडून परवानगी हवीय. मग ती प्रेमानं द्या. अर्धवट गाडी घेणारे असतात, सुटे पार्ट डब्यात नावं घालून दिले तर चांगला भाव देतात.

दोन्हीपैकी काही झालं तरी पोर्चमधली गाडी चाकांवर आली की एका बाजूला सरकेल, तेवढ्यात स्कूटी बसते. माप घेऊन बघा, झेन दीड मीटरच्या आसपासच रुंद आहे.