‘इंटरनॅशनल’ शाळा, फी आणि दहावीनंतरची वाट : पालकांचे प्रश्न

प्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. या वेळी कोकणातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. शाळांची नावे पत्रांत होती, ती येथे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही रत्नागिरी तालुक्यात राहतो. हापूसची लहानशी बाग आणि पत्नीची सहकारी बँकेतील नोकरी एवढेच आमचे उत्पन्न आहे. मुलीला येत्या जूनमध्ये पहिलीत घालायचे आहे. एका नव्या इंटरनॅशनल शाळेने वार्षिक फी दीड लाख रुपये सांगितली असून आपल्याकडे ‘केंब्रिज पॅटर्न’ असल्याचेही सांगितले आहे. दीड लाखात खरोखर भागेल का? की घराजवळच्या सेमी-इंग्रजी शाळेतच घालावे?

उत्तर : फीच्या आधी पाटीवरच्या नावाचे पाहू. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द नावात असला म्हणून शाळेचा अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय ठरत नाही. राज्य मंडळाच्या आणि सीबीएसईच्या कितीतरी शाळा हा शब्द लावतात. आपल्या मुलीच्या हाती दहावीला कोणत्या मंडळाचे प्रमाणपत्र येणार, हाच खरा प्रश्न आहे, आणि ‘पॅटर्न’ या शब्दात त्याचे उत्तर मिळत नाही. केंब्रिज हे ब्रिटनमधील परीक्षा मंडळ आहे, आणि त्याच्या परीक्षेला विद्यार्थी बसवण्यासाठी शाळा त्याच्याकडे नोंदलेली असावी लागते. १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या संस्थेची पद्धत आणखी काटेकोर आहे. प्राथमिक, मधला आणि अकरावी-बारावीचा डिप्लोमा या प्रत्येक टप्प्याची मान्यता ती वेगळी देते, आणि जी शाळा अजून ‘कँडिडेट’ म्हणजे उमेदवार आहे, तिला ती मान्यता मिळालेली नसते. म्हणून शाळेकडे नोंदणी क्रमांक आणि मान्यतेच्या पत्राची प्रत मागावी, आणि त्या मंडळाच्या संकेतस्थळावरील शाळांच्या यादीत नाव आहे का, हे घरी बसून पडताळावे. केवळ प्राथमिक टप्प्याची नोंदणी असेल, तर पुढे केंब्रिजची दहावीच्या पातळीची आयजीसीएसई परीक्षा तिथेच देता येईल असे गृहीत धरू नये. शाळा नवी असल्याने दहावीची एकही तुकडी अद्याप बाहेर पडली नसेल, तर तसे स्पष्ट विचारून घ्यावे. तुकडी बाहेर पडली असेल, तर फलकावरच्या पहिल्या तिघांचे नव्हे, सगळ्या विद्यार्थ्यांचे निकाल मागावेत.

आता खर्च. पहिल्या वर्षाची फी परवडते का, एवढेच पालक पाहतात आणि तिथेच गणित चुकते. उदाहरणादाखल दीड लाखाच्या फीत दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरू. तिसऱ्या वर्षी ती १,७२,५०० होते, पाचव्या वर्षी सुमारे १,९८,४००, सातव्या वर्षी सुमारे २,२८,१०० आणि नववी-दहावीत सुमारे २,६२,४००. पहिली ते दहावीची बेरीज सुमारे २० लाख २३ हजार होते, आणि हे फक्त शिकवणी शुल्क झाले. त्याखेरीज प्रवेश अर्जाचे पैसे, प्रवेश शुल्क, परत मिळणारी अनामत, पुस्तके, गणवेश, टॅब किंवा लॅपटॉप, सहली, स्नेहसंमेलन आणि जेवण हे खर्च असतातच. आयजीसीएसईची परीक्षा फी दर विषयामागे आकारली जाते, त्यामुळे सात-आठ विषय घेतले की दहावीच्या वर्षाचा आकडा एकदम वर जातो. पालकांना या खर्चाची कल्पना बहुधा नववीच्या अखेरीस येते.

आपल्याकडे बसचा खर्च वेगळा मांडावा लागतो. शाळा बहुधा शहराबाहेर, सड्यावर किंवा महामार्गालगत असते आणि वस्ती खाली खाडीकडेला किंवा वाडीत. नकाशावरचे आठ किलोमीटर पावसाळ्यात पाऊण तासाचे होतात. बसची फी बारा महिन्यांची आहे की दहा, अतिवृष्टीच्या सुट्ट्यांचे दिवस त्यात धरले आहेत का, आणि बस दारात येते की तिठ्यावर थांबते, हे विचारावे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार मुलींसाठी बसमध्ये महिला सहायक आणि शाळेत परिवहन समिती असणे आवश्यक आहे. शक्य झाल्यास एखाद्या भर पावसाच्या सकाळी त्या मार्गाने स्वतः जाऊन यावे.

आपण बागायतदार आहात, म्हणून हप्त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हापूसचा पैसा एप्रिल-मेमध्ये हाती येतो, पण त्यातला मोठा भाग मजुरीत, पेट्यांत आणि फवारणीच्या उधारीत वळता होतो. मोहोर गळाला किंवा थ्रिप्स किडीने फटका दिला, तर ते वर्षच हातचे जाते. शाळेचे हप्ते मात्र जून, सप्टेंबर, डिसेंबर असे ठरलेल्या तारखांना येतात. हर्णै-मिरकरवाड्याकडच्या मच्छीमार कुटुंबांची अडचण याहून अवघड आहे, कारण जून-जुलैत मासेमारी बंदी असते आणि पहिला हप्ता नेमका त्याच वेळी भरायचा असतो. अशा घरांनी प्रवेशाआधीच हप्त्यांच्या तारखा बदलून लेखी मागाव्यात. अनेक शाळा ते मान्य करतात, पण मागितले तरच. ज्या वर्षी बागेने काहीच दिले नाही, त्या वर्षी केवळ पत्नीच्या पगारातून फी आणि घर दोन्ही चालेल का, हा निकष लावून पाहावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर ही शाळा आपल्या आवाक्याबाहेरची आहे असे मी स्पष्टपणे सांगेन. सातवीत पैशासाठी शाळा बदलावी लागणे मुलीच्या मनाला पहिलीत साध्या शाळेत जाण्यापेक्षा फार जड जाते.

सेमी-इंग्रजीला कमी लेखू नये. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग स्थापनेपासून वर्षानुवर्षे अग्रेसर राहिला आहे, आणि तो निकाल आपल्याच गावातल्या शाळांनी लावलेला आहे. मान्यतेचे पत्र दाखवू न शकणाऱ्या इंटरनॅशनल शाळेपेक्षा गणित आणि विज्ञानाचे शिक्षक वर्षानुवर्षे टिकून असलेली सेमी-इंग्रजी शाळा मी निःसंशय निवडेन. करसवलतीबाबत एवढेच की जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतचे शिकवणी शुल्क दीड लाखाच्या एकूण मर्यादेत वजावटीस पात्र असते, बसभाडे व विकास निधी नसतो, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही.

प्रश्न : चिपळूणजवळच्या एका शाळेने मुलाच्या प्रवेशाच्या वेळी फीखेरीज साठ हजार रुपये ‘विकास निधी’ म्हणून मागितले. पावती ट्रस्टच्या नावाने देणगीची मिळेल असे सांगितले. मुलाची आणि आम्हा दोघांची मुलाखतही घेतली. शिवाय तिथल्या पालकांकडून कळले की गेल्या वर्षी मधेच फी वाढवली होती. हे नियमाला धरून आहे का?

उत्तर : नाही. प्रवेशासाठी देणगी सक्तीने घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्यानेच मनाई आहे, मग तिला विकास निधी म्हणा किंवा इमारत निधी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १३ वे कलम याहून पुढे जाते. त्यानुसार अशी रक्कम घेणाऱ्या शाळेला तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि प्रवेश देताना बालकाची किंवा त्याच्या आईवडिलांची चाचणी घेण्यासही बंदी आहे. मुलाखतीला ‘संवाद’ असे नाव दिले, तरी तिच्यावरून प्रवेश ठरत असेल तर ती चाचणीच होय.

फीवाढीविषयी महाराष्ट्राचा शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. तो खासगी शाळांना लागू आहे, मग त्यांचे मंडळ देशी असो वा परदेशी. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि त्याच्या कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडले जातात. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनाने या समितीपुढे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी ठेवायचा असतो, आणि ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक असते. त्यामुळे वर्षाच्या मध्यावर सूचनाफलकावर चिठ्ठी लावून केलेली वाढ या चौकटीत बसत नाही. आपण शाळेकडे कार्यकारी समितीच्या सदस्यांची नावे आणि मान्य फीचा ठराव पाहण्यास मागावा. तो शाळेत लावलेला असायला हवा, त्यामुळे तो मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर फीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार न्यायची तर किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. तालुक्याच्या गावी सगळे एकमेकांना ओळखतात, संस्थाचालकही ओळखीचेच असतात, त्यामुळे पुढे यायला कोणी धजावत नाही, हे मी अनेक पत्रांतून वाचले आहे. म्हणून प्रवेशाआधीच दोन-तीन इयत्तांतील पालकांना भेटून गेल्या चार वर्षांच्या पावत्या पाहाव्यात. कोणत्या वर्षी किती आणि कोणत्या नावाखाली घेतले, हे पावतीवरून जितके कळते, तितके रंगीत माहितीपत्रकावरून कळत नाही. रोख रक्कम कोणत्याही कारणासाठी देऊ नये. अनामत असेल तर ती कधी परत मिळेल, शाळा सोडण्याची सूचना किती महिने आधी द्यावी लागेल, आणि दिली नाही तर किती कापले जाईल, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.

प्रश्न : आम्ही सावंतवाडीचे. मुलगा आता सातवीत आहे आणि त्याला डॉक्टर व्हायचे आहे. गोव्यात एक नावाजलेली शाळा आहे, तिथे आयजीसीएसई आणि पुढे ए लेव्हल (केंब्रिजची अकरावी-बारावी) आहे. बांद्यापलीकडे रोज गाडीने सोडणे आम्हाला शक्य आहे. घालावे का?

उत्तर : पत्रात आपण अंतर, फी आणि शाळेचा लौकिक यांचा विचार केला आहे. वैद्यकीय प्रवेशाचा नियम मात्र त्यात आलेला नाही, आणि आपल्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. राज्याच्या कोट्यासाठी सर्वसाधारण अट अशी की विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि त्याने दहावी व बारावी किंवा त्यांच्या समकक्ष परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण केलेली असावी. याला काही अपवाद आहेत, पण ते मुख्यतः बदलीच्या नोकरीतील पालकांच्या मुलांसाठी आहेत. आपण सीमेपलीकडच्या शाळेत दहावी केलीत, तर घर सावंतवाडीत असूनही मुलगा या ८५ टक्क्यांतून बाहेर पडण्याचा धोका आहे. गोव्याच्या कोट्यासाठी तिथल्या दीर्घ रहिवासाची वेगळी अट असते. म्हणजे दोन्ही दारे बंद होऊ शकतात. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेव्हा घराजवळची ती संधी केवळ शाळेच्या पत्त्यामुळे घालवू नये. राज्य सीईटी कक्षाची ताजी माहितीपुस्तिका उतरवून घेऊन पात्रतेचे प्रकरण स्वतः वाचावे. शाळेच्या समुपदेशकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आयजीसीएसई महाराष्ट्रातल्या शाळेतून केली तर ही अडचण येत नाही, पण इतर गोष्टी पाहाव्या लागतात. या परीक्षेत गणितासारख्या विषयांना ‘कोअर’ आणि ‘एक्स्टेंडेड’ असे दोन स्तर असतात. कोअर घेतलेल्या मुलाला कितीही चांगला पेपर गेला तरी सी च्या वरची श्रेणी मिळू शकत नाही. कमकुवत वाटणाऱ्या मुलांना आठवी-नववीत कोअरमध्ये ठेवले जाते आणि पालकांना त्याचा अर्थ गुणपत्रक हाती आल्यावर कळतो. मुलाला विज्ञान शाखेला जायचे असेल, तर कोणत्या विषयाला कोणता स्तर दिला जाणार, हे शाळेकडून वेळीच लेखी घ्यावे. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवेत, आणि परदेशी मंडळाची बारावी समकक्ष आहे हे भारतीय विद्यापीठ संघाच्या निकषांनुसार दाखवता यायला हवे. नीटचे प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या अंगाने येतात, म्हणून ए लेव्हल करणाऱ्या मुलाला दोन अभ्यासक्रम समांतर ओढावे लागतात आणि क्लासची फी वेगळी पडते. परदेशात शिकण्याचा विचार नसेल आणि वैद्यकीयचा निश्चय पक्का असेल, तर आपल्या मुलासाठी मी सीबीएसई किंवा राज्य मंडळ सुचवेन, आणि शाळा सिंधुदुर्ग जिल्ह्यातली. बदल करायचाच असेल, तर आठवीच्या आरंभी करावा. नववीत मंडळाच्या नोंदणीची कामे सुरू होतात आणि मुलाला नव्या पद्धतीशी जुळवून घ्यायला वेळ उरत नाही.

प्रश्न : गुहागरहून लिहिते आहे. आम्ही मुंबईला बदली घेऊन आयबी शाळेत मुलीला घालणार आहोत. तिचे मराठी सुटेल अशी तिच्या आजीला फार काळजी वाटते. तिथे मराठी शिकवतात का?

उत्तर : शिकवावेच लागते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली असून उल्लंघनासाठी दंडाची तरतूद आहे. मात्र कायद्याने तास मिळतो, त्यात किती शिकवले जाते हे शाळेवर अवलंबून असते. मराठीला आठवड्याला किती तासिका आहेत, शिकवणाऱ्या बाई पूर्णवेळ आहेत की केवळ त्या तासापुरत्या येतात, आणि मुलीच्या पुढच्या इयत्तेच्या मराठीच्या वह्या पाहायला मिळतील का, हे विचारा. वह्या कोऱ्या असतील, तर शाळा निश्चित करण्यापूर्वी घरी मराठी वाचन-लेखनाची सोय काय करता येईल, हे आजीबरोबर बसून ठरवा.