कोनशिलेवर 'प्रेस्बिटेरियन' आणि बाहेर बोर्ड 'युनायटेड चर्च'चा, असं का?

तुम्ही विचारलंय की कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या तुमच्या छोट्या गावातल्या चर्चच्या कोनशिलेवर 'प्रेस्बिटेरियन' कोरलंय, पण बोर्ड 'युनायटेड चर्च'चा आहे. म्हणजे मालक बदलला का?

मालक नाही, नाव बदललं. माणसं बहुतेक तीच राहिली. प्रेस्बिटेरियन हा स्कॉटलंडमधून आलेला प्रॉटेस्टंट पंथ. 10 जून 1925 ला मेथडिस्ट आणि काँग्रिगेशनल हे दोन प्रॉटेस्टंट पंथ आणि बरेचसे प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ कॅनडा झालं. प्रेस्बिटेरियनांपैकी साधारण एक तृतीयांश बाहेर राहिले, पण प्रेअरीवर, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रांतांत, विरोध कमी होता. चार घरांच्या गावात तीन चर्च, तीन पाळक आणि उणे तीसमध्ये पेटत्या ठेवायच्या तीन शेगड्या, हे पोसणार कोण? सस्कॅचेवानमधल्या मेलव्हिलकरांनी तर 1908 सालीच, वरच्यांची वाट न बघता, एकत्र चर्च मांडलं होतं.

आता कोनशिलेवरच्या जुन्या नावाबद्दल. मी विनिपेगला राहतो. शहराच्या उत्तरेला, नदीकाठी, किल्डोननचं जुनं दगडी प्रेस्बिटेरियन चर्च आहे. आता तो भाग शहरात गेलाय, पण तेव्हा ती नुसती शेतकऱ्यांची वस्ती होती. भोवतीच्या थडग्यांवर सदरलँड, मॅथेसन, पोल्सन ही आडनावं पुन्हा पुन्हा दिसतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळं हुसकली, त्यातली ही माणसं. 1812 पासून लॉर्ड सेलकर्क या स्कॉटिश उमरावाने त्यांना रेड नदीकाठी वसवलं. गेलिक, म्हणजे त्यांची डोंगराळ भागातली भाषा, बोलणारा पाळक देतो, असं वचनही दिलं होतं.

पाळक यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली! मधे जेम्स सदरलँड नावाचे एक वडील (मंडळीने निवडलेले, पंच म्हणा हवं तर) लग्नं लावत, बाप्तिस्मे देत. 1818 ला तेही वस्ती सोडून गेले. 1820 ला हडसन्स बे या फरच्या व्यापारी कंपनीबरोबर अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, पाळक आला आणि पुढची तीस वर्षं हे लोक त्याच्याकडे उपासनेला जात राहिले, पण मनाविरुद्ध. छापील पुस्तकातून प्रार्थना वाचायची, गुडघे टेकायचे, हे त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. प्रार्थना उभ्याने, स्तोत्रं बसून, आणि वाद्य नाही. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. आपल्याकडे टाळकरी धृपद धरतात, तसंच काहीसं.

आपला पाळक मिळावा म्हणून अर्जांचा पिच्छा धरला तो मुख्यतः वस्तीतल्या अलेक्झांडर रॉस यांनी. अखेर सप्टेंबर 1851 मध्ये जॉन ब्लॅक आले, आणि त्यांना गेलिक येत नव्हती. तरी साधारण तीनशे लोक अँग्लिकन चर्च सोडून त्यांच्यामागे गेले. मला यातलं हे सगळ्यात आवडतं. भाषेचा हट्ट त्यांनी सोडला, रीतीचा नाही. 1852 च्या पुरात बांधकामाचं लाकूड वाहून गेलं. दगडांची जमवाजमव चालूच राहिली आणि जानेवारी 1854 मध्ये चर्च उघडलं. ब्लॅक यांनी रॉस यांची मुलगी हेन्रिएटा हिच्याशी लग्न केलं. तिची आई ओकानागन जमातीची. त्यामुळे 'शुद्ध स्कॉटिश' वगैरे कोणी सांगू लागलं की मला हसू येतं.

तुमच्या गावासारखी चर्चं बहुधा पुढच्या लाटेतली. जेम्स रॉबर्टसन 1881 ला पश्चिमेकडच्या मिशनांचे अधीक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी चर्च व पाळकांची घरं बांधायला निधी उभा राहिला. गावाने थोडं घालायचं, बाकीचं निधीतून. याच पंथाने 1877 ला होळकरांच्या इंदूरलाही मिशन काढलं होतं. त्यामुळे इंदूरच्या जुन्या मराठी ख्रिस्ती घरांत हे नाव ऐकायला मिळालं तर नवल नाही.

किल्डोनन मात्र 1925 मध्ये विलीन झालं नाही. तुमच्या गावाने काय केलं ते तिथल्या वडील मंडळाच्या जुन्या वह्यांत असेल. विलीनीकरणावर प्रेस्बिटेरियन मंडळींना मतदान घेता येत होतं, तेव्हा 1924 अखेर ते 1925 ची पानं आधी मागा.