आधी आकडे वाचा, मग दोरी ओढा

प्रश्न: मामांच्या बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत एक जुनी, भली जड चेनसॉ मिळाली. नावाची पट्टी गेली आहे, रंग उडाला आहे, कोपऱ्यांत केशरी पापुद्रे दिसतात. बॉडीवर आतल्या बाजूला ११०६ ने सुरू होणारा लांब आकडा ओतलेला आहे. धातूवर पांढरी भुकटी धरली आहे. फ्लायव्हील हाताने फिरतं. मुलगा म्हणतो, पेट्रोल घालून दोरी ओढून बघू. ही मशीन कोणती? पावसात कुळागरात पडलेली झाडं कापायला तिचा उपयोग होईल का? – एक वाचक, वाळपई

उत्तर: मुलाला थोडं थांबवा. तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे तो आकडा. तो तुम्ही वाचलात आणि लिहून कळवलात, त्यामुळे अर्धं काम झालं. श्टिल कंपनीच्या सुट्या भागांच्या क्रमांकातले पहिले चार आकडे मशीनचं घराणं सांगतात. ११०६ हे काँट्रा, ०७० आणि ०९० यांचं घराणं. काँट्रा १९५९ साली आली. गिअर नाहीत, इंजिनाचा जोर क्लचमधून थेट साखळीला, हे तिचं वैशिष्ट्य. त्यानंतरच्या ०७० आणि ०९० या बहिणी जगभरच्या वखारींत वर्षानुवर्षं राबल्या.

आता या तिघींतली तुमची कोणती, ते बाहेरचं कव्हर पाहून ठरवू नका. या घराण्यात एकीचं कव्हर दुसरीला बसतं, आणि वखारीत मोडलेल्या भागाच्या जागी हाताला येईल ते लागलेलं असतं. खरं बोलतो तो सिलिंडर. तो उतरवाल तेव्हा आतला व्यास व्हर्नियरने मोजा. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ४० मिमी धरून व्यास ५८ मिमी भरला तर इंजिन १०६ सीसीचं, म्हणजे काँट्रा किंवा ०७०. ६६ मिमी भरला तर १३७ सीसीची ०९०. आणखी एक सांगून ठेवतो. ०७० च्या चिनी नकला बाजारात आहेत आणि जुन्या दिसणाऱ्या मशीनमध्येही नकली भाग मिसळलेले असतात. फ्लायव्हीलखाली ठिणगीसाठीचे जुन्या पद्धतीचे काँटॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर सापडले, तर मशीन जुन्या काळातली असण्याची शक्यता दाट.

ती पांढरी भुकटी मॅग्नेशियमची. बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहे आणि आपल्याकडचा चार महिन्यांचा दमट पाऊस तिला खातो. रॉकेल आणि पितळी ब्रश, एवढंच वापरा. ग्राइंडर अजिबात लावू नका: मॅग्नेशियमचा कीस पेटतो, आणि त्यावर पाणी ओतलं तर आग आणखी भडकते. जवळ कोरड्या वाळूची बादली असू द्या. सँड ब्लास्टिंगवाल्याकडेही पाठवू नका. ओतीव आकडे झिजले की ओळखच गेली.

दोरी ओढण्याआधी सायलेन्सर काढा. दोन बोल्टचं काम आहे. एग्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारली की पिस्टन समोर दिसतो. फ्लायव्हील हळूहळू फिरवून तो वरखाली न्या. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर आनंद माना. उभे ओरखडे असतील तर ते कुठल्या बाजूला आहेत ते बघा. एग्झॉस्टच्या बाजूला असले तर इंजिन तापलेलं आहे, बहुधा कुठून तरी जादा हवा ओढत होतं. कार्बोरेटरच्या बाजूला असले तर फिल्टरमधून धूळ गेलेली. सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियम चिकटलेलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने हाताने निघतं. पण नख फिरवल्यावर आतलं क्रोम सुटलेलं लागलं, तर तिथेच थांबा. नवा सिलिंडर मिळेपर्यंत पुढचा पैसा घालू नका.

पिस्टन चांगला निघाला, तर खरी मेहनत ऑइल सीलवर करायची. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी सील इतक्या वर्षांत दगडासारखी होतात. तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि नुकतं जुळवलेलं इंजिन दहा मिनिटांत धरतं, पिस्टन आतच अडकतो. भंगारातून वाचवलेल्या मशीन बहुतेक अशाच दुसऱ्यांदा मरतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण तपासणी सोपी आहे. सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं रबराचा तुकडा व पत्र्याची पट्टी लावून घट्ट बंद करा. प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने अर्धा बारच हवा भरा, गेज लावूनच. मग सील आणि पॅकिंगवर साबणाचं पाणी सोडा. जिथे बुडबुडा येईल तिथे दोष. काटा हलेनासा झाला की पुढे चला.

पॉइंट साफ करायला फ्लायव्हील काढावं लागेल. त्याच्या पाती पुलरने ओढू नका, तुटतात. पॉइंटची फट ०.४ मिमीच्या आसपास, प्लगची ०.५. कार्बोरेटरचा पडदा काढून बोटांत धरा. कडक झालेला असेल तर पूर्ण किट बदला, एकटा पडदा नको. साखळी बहुधा .४०४ पिचची असेल. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं करा, १०.२६ मिमी आलं तर तीच, आणि तिला ५.५ मिमीची गोल कानस लागते.

आता कुळागराचं. या मशीनला साखळी थांबवणारा ब्रेक नाही. बारच्या, म्हणजे साखळी ज्या पट्टीवर फिरते तिच्या, टोकाचा वरचा भाग लाकडात अडकला तर ती थेट तोंडावर उसळते. नुसत्या इंजिनाचं वजन दहा किलोच्या वर आहे. जमिनीवर पडलेला, दोन्हीकडून टेकू दिलेला फणसाचा किंवा माट्टीचा ओंडका कापायला ती उत्तम. उभं झाड पाडायला, माडावर चढायला किंवा दुसऱ्या कामगाराच्या हातात द्यायला नको. त्यासाठी ब्रेकवाली नवी, लहान मशीन घ्या. आणि उभ्या झाडाला हात लावायचा झाला तर गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते, झाड स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी.

प्रश्न: जुन्या टू-स्ट्रोक चेनसॉत ऑइल किती घालावं? पंपावरचं पेट्रोल चालतं का? – एक वाचक, पेडणे

उत्तर: जुन्या मशीनला २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल. ५० ला १ हे प्रमाण कंपनीच्या स्वतःच्या ऑइलसाठी असतं, साध्या ऑइलला लावू नका. पंपावरचं पेट्रोल चालतं, पण त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. लागेल तेवढंच मिसळा, काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. इंधनाची नळी मात्र आधीच नवी, इथेनॉल चालणारी टाका. जुनी नळी आतून सुटून तिचा चुरा जाळीत अडकतो.