ऊती, उती आणि बिचारं ओतप्रोत

डिचोलीहून एकांनी विचारलंय, बायोप्रिंटिंगवर (जिवंत पेशींची शाई करून यंत्राने शरीराचे भाग घडवणं) मराठीत लिहिताना टिश्यूला, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला, ऊती म्हणायचं की उती, आणि ‘पेशी छापतात’ चालेल का. नाही चालणार! पेशी कोणी छापत नाही हो, त्या आधीच जिवंत असतात, जिलेटिन नाहीतर अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातला चिकट पदार्थ) जेलमध्ये कालवून त्यांची शाई करतात आणि बारीक नळीतून धागा सोडत थरावर थर चढवतात. छापली जाते ती ऊती.

आता मजा बघा. संस्कृतात ‘वे’ म्हणजे विणणे, त्यावरून ऊति म्हणजे विणकाम. टिश्यूही लॅटिनमधल्या विणण्यावरूनच फ्रेंचमार्गे आलाय, आणि हिस्टॉलॉजीतला (ऊतींचा अभ्यास) ग्रीक हिस्टॉस म्हणजे चक्क माग (जहाजाच्या डोलकाठीलाही तोच शब्द, उभी राहते ना). पण या ‘वे’चं खरं गोड पोर म्हणजे ओतप्रोत. आ+उत, प्र+उत, एक धागा उभा एक आडवा. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत तर पाणी कशात, तेव्हा ती विणीबद्दल बोलतेय. आणि आमच्या जत्रेतल्या नाटकाचे निवेदक ‘भक्तिरसाने ओतप्रोत भरलेले’ म्हणतात, जणू कळशीच! एका भाषातज्ज्ञांनी तर व्याख्यानात हा शब्द ‘ओतणे’वरून आला म्हणून ठोकून दिलं, मी उठून कोश उघडा म्हटलं तर चहाची वेळ झाली म्हणाले.

माझं तर म्हणणं, बायोप्रिंटिंगला छपाई म्हणूच नये, विणकाम म्हणावं. कुणबी साडीच्या चौकटी बघा, तसेच जेलचे धागे बऱ्याचदा आडवे-उभे टाकतात आणि मध्ये मुद्दाम फटी ठेवतात, कारण रक्तवाहिनीपासून साधारण 100-200 मायक्रॉनपलीकडे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्राणवायू पोचत नाही आणि आतल्या पेशी मरतात. कूर्चेत (कानानाकातलं लवचिक मऊ हाड) रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे तिथे काम जरा सोपं. 2022 मध्ये अमेरिकेत एका बाईला तिच्याच कूर्चेच्या पेशींपासून केलेला बाहेरचा कान बसवला, तो असाच. छपाईशी माझं वैर नाही, भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये आमच्या जुन्या गोव्यातच आला, पण म्हणून विणलेल्यालाही छापलेलं म्हणायचं?

हां, ऱ्हस्व-दीर्घ राहिलंच. दीर्घ लिहा, शाळेच्या पुस्तकात ऊतीच आहे. नर्सरीच्या पाटीवर ‘उतीसंवर्धित केळी’ (टिश्यू कल्चरची) दिसते, पण संस्कृतात ऱ्हस्व ‘उत’ही आहे, तेव्हा नर्सरीवाल्याशी मी भांडत नाही.