आधी पॉलिसीचं बघा, ट्रेलरचं नंतर

नागपूरजवळच्या वाडीहून एका वाचकाने लिहिलंय. वय 34, घरी बायको आणि दोन मुलं. बुटीबोरीतल्या एका कंपनीची बंद बॉडीची गाडी चालवतात, रात्री घरी येतात. पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापून हातात 18,500 पडतात. आता एका ट्रान्सपोर्टवाल्याने उघडा चाळीस फुटी ट्रेलर देऊ केलाय, भिलाईहून पुण्याला स्टीलच्या कॉइल न्यायला. पगार 17,000, ट्रिपमागे 3,000 भत्ता, महिन्याला पाच ट्रिपा, म्हणजे 32,000. पीएफ, ईएसआय काही नाही. "मेहनतीच्या मानाने परवडेल का?" असं ते विचारतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "पॉलिसीचा 5,000 चा हप्ता झेपत नाही, म्हणून हा विचार."

भाऊ, आधी ट्रेलरचा हिशोब. भिलाई ते पुणे साधारण हजार किलोमीटर. भरलेली गाडी, प्लांटच्या गेटवरची रांग, खाली करायला लागणारा वेळ, परतीच्या मालासाठी हॉल्टिंग. यात पाच ट्रिपा बसत नाहीत, चार धरा. झाले 29,000. महिन्यातले चोवीस-पंचवीस दिवस बाहेर जेवणार. घरचं वाचतं ते वजा करूनही 4,000 जातील. राहिले 25,000, आजच्यापेक्षा 6,500 जास्त. त्यातून पीएफचे तुमचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 वजा करा, कारण आज ते तुमच्या नावावर जमा होतात. ईएसआय सुटला की घरच्यांसाठी मेडिक्लेम घ्यावा लागेल, महिना 1,500 तरी. उरले 1,400.

आणि त्या चौदाशेसाठी काम किती वाढतं! बंद गाडीचं दार लावलं की निघता येतं. इथे वीस-पंचवीस टन माल साखळ्यांनी आवळायचा, कॉइलखाली लाकडी गुटके ठोकायचे, थोडं अंतर गेलं की उतरून साखळ्यांचा ताण पुन्हा बघायचा. पावसाळ्यात स्टीलला पाणी लागू नये म्हणून ओल्या मालावर चढून ताडपत्री बांधायची. बांधणं ढिलं राहिलं आणि करकचून ब्रेक लागला, तर कॉइल केबिनवर येऊ शकते. या तासांचे वेगळे पैसे तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाहीत.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येऊ, कारण खरी चूक तिथे आहे.

18,500 मधले 5,000 एका पॉलिसीत जातात. मुदत वीस वर्षं, विमा 6 लाखांचा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर 6 लाखांवर 7 टक्क्यांनी घरात महिन्याला साडेतीन हजार येतील. त्यात घर चालेल का? आणि मुदत संपल्यावर मिळतील म्हणून एजंटने दाखवलेले 24 लाख हे 8 टक्के वाढ गृहीत धरलेल्या रकान्यातले आहेत. तुम्ही पाठवलेल्या त्याच कागदावर शेजारी 4 टक्क्यांचा रकाना आहे, तिथे 15 लाख छापलेत. तो तुम्हाला कोणी वाचून दाखवला नाही. एवढेच पैसे वीस वर्षं पीपीएफमध्ये भरले, तर सध्याच्या 7.1 टक्क्यांनी 25 लाखांच्या आसपास होतात. पगार बघूनही असला हप्ता गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

याहून मोठं तुमच्या लक्षातच आलेलं नाही. आजच्या नोकरीत पीएफबरोबर ईडीएलआयचा विमा असतो, नोकरीत असताना मृत्यू झाला तर कमाल 7 लाखांपर्यंत. तुमच्या पगारातून त्याचा एक रुपया कापला जात नाही. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघातात मृत्यू झाला, तर अवलंबितांना मजुरीच्या 90 टक्के दराने लाभ मिळतो. म्हणजे हप्ता भरता यावा म्हणून तुम्ही या दोन्हींवर पाणी सोडून जास्त धोक्याच्या कामावर निघालात, आणि तो हप्ता ज्या विम्याचा आहे, तो त्याहून तोकडा आहे.

तेव्हा पहिलं काम टर्म इन्शुरन्सचं, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणाऱ्या साध्या विम्याचं. 25 लाखांचा घ्या, वर्षाला आठ-दहा हजार धरा. फॉर्मवर 'मालवाहू गाडीचा ड्रायव्हर' असंच लिहा. जुन्या पॉलिसीच्या फॉर्मवर एजंटने 'सुपरवायझर' लिहिलंय, असं तुम्हीच कळवलंत. पहिल्या तीन वर्षांत अशा खोट्या माहितीवरून कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि तुमची दोनच झालीत. बँकेत वर्षाला 436 रुपयांची जीवनज्योती आणि 20 रुपयांची सुरक्षा विमा योजनाही सुरू करा; दोन्हींचं कवच 2-2 लाखांचं.

टर्मची पॉलिसी हातात आली की मगच जुनीचा हप्ता थांबवा, आधी नाही. विमा कंपनीकडून सरेंडरची (आता बंद केली तर मिळणारी) आणि पेड-अपची (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर मिळणारी) रक्कम लेखी मागा. भरलेल्या 1 लाख 20 हजारांतले निम्मे गेले असं धरून चला. वाईट वाटेल. पण तेवढ्यासाठी आणखी अठरा वर्षं 10 लाख 80 हजार भरत राहू नका. एजंट घरी येईल, "आता सोडलंत तर नुकसान" म्हणेल. त्याला वहिनींच्या समोर 4 टक्क्यांचा रकाना वाचायला सांगा.

एवढं झालं की टर्मचा हप्ता भरूनही महिना चार हजार सुटतात, रात्री घरी येऊन. ट्रेलरच्या चौदाशेच्या जवळपास तिप्पट.

तरीही लांबचा रूट हवाच असेल, तर पीएफ, ईएसआय आणि चार ट्रिपांची हमी लेखी देणारा मालक शोधा. कापशी आणि वाडीत ट्रान्सपोर्टवाल्यांची कमी नाही. तोवर पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशनमध्ये वहिनींचं नाव आहे का, ते याच आठवड्यात बघून घ्या.